उजवीकडची चटणी

मंगळवार, १२ ऑगस्ट

डायरी लिहिणारी माणसं मला कायम संशयास्पद वाटत आली आहेत. एक तर त्यांना ऐकणारं कोणी नसतं, किंवा ऐकणाऱ्यांनी कान झाकून घेतलेले असतात. आज सलोनी म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर त्या एआयशी बोलत असता. जरा कागदाशी बोला, तो निदान 'खूप छान प्रश्न' असं म्हणणार नाही." लेकीने हे म्हणावं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं दिसतंय. म्हणून हा कागद.

तर हकिगत अशी. मी सलिल, धंद्याने ग्राफिक डिझायनर. चिवडा, लोणची, मेतकूट, शेवया यांची पाकिटं आणि जाहिराती करण्यात उभी हयात गेली. बायको नीरजा, शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे शिकवायची. गेल्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन तिने धायरीतच शेजारच्या इमारतीत एक गाळा घेतला आणि तिथे स्वयंपाक सुरू केला. पोळ्या, पुरणपोळ्या, डबे असं वर्षभर चाललंय. रजा घटस्थापनेला संपते. येणार की नाही, ते शाळेला त्याआधी कळवायचं आहे.

तिची नवी कल्पना म्हणजे गौरीजेवणाचं पूर्ण पान घरपोच. घरात गौरी बसतात, पण सोळा भाज्या आणि पुरण करायला कोणाला रजा मिळत नाही, अशा घरांसाठी. "गौरींना लोकांनी मागवलं तर मी हे करू शकते असं समजेन. नाहीतर गपचूप खडू हातात घेईन," असं काल चहा गाळता गाळता म्हणाली. आवाज अगदी साधा होता. पण मी बावीस वर्षं ओळखतो तिला. तिला परत शाळेत जायचं नाहीये.

जाहिरात माझ्याकडे. या धायरीला दाखवतोच आता जाहिरात कशाला म्हणतात ते.

गुरुवार, १४ ऑगस्ट

नीरजाने फोटोसाठी नमुन्याचं पान केलं. पहाटेपासून खपत होती. केळीचं पान, भोवती रांगोळी, सगळं साग्रसंगीत. मी कॅमेरा घेऊन गेलो आणि हिरमुसलो. गाळ्यात ट्यूबलाइट. अळूची भाजी काळपट, पुरण मातकट, आणि वरण वरणासारखंच दिसतं, हाच त्याचा दोष. पदार्थाला चव असते ही आमच्या धंद्यात अडचणच आहे, ती कॅमेऱ्यात येत नाही.

दहा-बारा फोटो काढले आणि म्हटलं, "बघतो यातून काय निघतंय ते."

"आता जेवून तर घे," ती म्हणाली.

नेमका लोणचेवाल्याचा फोन आला. लोणचेवाले वाट बघत नाहीत. नंतर कॉम्प्युटरसमोर बसून जेवलो. चांगलं होतं. नीरजा संध्याकाळी गप्प गप्प होती. दमली असणार.

शनिवार, १६ ऑगस्ट

मशीनला, म्हणजे त्या एआयला, कामाला लावलं. 'महाराष्ट्रीय सणाचं नैवेद्याचं पान, केळीच्या पानावर, वरून प्रकाश' असं सांगितल्यावर पहिल्या फेरीत नान आणि पनीर आलं. दुसऱ्या फेरीत वरणावर क्रीमची नक्षी. मोदक आले, पण हुबेहूब मोमो. मी चिडून लिहिलं, 'अरे बाबा, हे पुणं आहे.' त्यावर त्याने पानामागे शनिवारवाड्यासारखं काहीतरी काढून दिलं.

मग नीरजाच्या पानाचा फोटोच त्याला नमुना म्हणून दिला आणि एकेक वाटी सुधारत गेलो. दुपारपर्यंत असं पान तयार झालं की बघून माझंच पोट भरलं. कळीदार मोदक, सोनेरी पुरणपोळी, तुपाची धार तर अशी की थेंब थांबून राहिलाय. पूर्वी यासाठी फोटोग्राफर, दिवे, फूड स्टायलिस्ट आणि तीन दिवस लागायचे. यातली निम्मी माणसं माझ्या मैत्रीतली होती. त्यांना हल्ली मी फोन करत नाही. काय बोलणार?

पण पान अप्रतिम झालंय. ते नाकारण्यात अर्थ नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

मांडणी झाली. अडचण एकच होती. अक्षरं बसवायची जागा चुकीच्या बाजूला येत होती. एक बटण दाबलं आणि सगळं पान आरशात धरल्यासारखं फिरवलं. काम फत्ते. भोवतालची रांगोळीही पुसून टाकली, उगाच गर्दी करत होती. डिझाइनला श्वास घ्यायला जागा लागते, हे आमच्या लोकांना कधी कळणार देव जाणे. आता पांढरी स्वच्छ पार्श्वभूमी, मधोमध पान, आणि वर एकच ओळ: 'यंदा पान आमच्याकडून.'

सलोनीला दाखवलं. बराच वेळ फोन जवळ-लांब धरून बघत होती. म्हणाली, "कडक आहे बाबा, पण समथिंग इज ऑफ. काय ते कळत नाहीये."

या पिढीला सगळंच ऑफ वाटतं.

नीरजाने दोनदा विचारलं, "मला दाखव ना." मी म्हटलं, छापून आल्यावर बघ. सरप्राइज.

शनिवार, २३ ऑगस्ट

काल सकाळी पेपरांतून हँडबिलं गेली, कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, आणि परिसरातल्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर चित्र टाकलं. गाळ्याचा फोन दिवसभर वाजत होता. मी मनात म्हटलं, याला म्हणतात जाहिरात.

पहिला फोन एका बाईंचा होता. वय आवाजावरून सत्तरच्या पुढचं. "अहो, हे पान तुम्हीच छापलंय ना? मग छान. आमच्याकडे सध्या सगळे जिवंत आहेत. कोणी गेलं की कळवते." ठेवला.

मला वाटलं राँग नंबर.

मग ग्रुपवर सुरू झालं. 'आम्हाला गौरी जेवू घालायच्या आहेत, आजोबा नाही.' 'यंदा पान आमच्याकडून! वा! म्हणजे यंदा आमच्यातलं कोण?' 'पिंडाचे पैसे वेगळे का?' एकाने नुसतेच हात जोडलेले आणि खाली लिहिलेलं, भावपूर्ण.

मला खरंच कळेना की लोकांना झालंय काय.

रविवार, २४ ऑगस्ट

कळलं.

नीरजाने हँडबिल हातात घेतलं, बघितलं आणि स्टुलावर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चटणी-कोशिंबीर कुठे आहे यात?" तिने विचारलं.

"ही काय, उजवीकडे."

"भाज्या?"

"डावीकडे."

"आणि रांगोळी?"

"काढली. गर्दी होत होती."

"सलिल, असं पान श्राद्धाला वाढतात."

सणाच्या पानात चटण्या-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या उजवीकडे, भोवती रांगोळी. श्राद्धाच्या पानात सगळं उलटं, आणि रांगोळी नाही. हे म्हणे पुण्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मी पुण्यातच जन्मलो, पुण्यातच वाढलो, आणि दर सणाला पाटावर बसून अशा पानावर जेवलो. पण माझ्या हातून पान कधी वाढलं गेलं नाही, हे मला आज समजलं. माझ्यासमोर ते कायम तयारच यायचं.

"सातवीच्या मुलांना मी शिकवते," नीरजा म्हणाली, "आरशात डावं-उजवं होतं."

मी म्हटलं, तुला दाखवलं असतं तर तू पकडलं असतंस. म्हणाली, "मी दोनदा मागितलं." मग उठून कणीक मळायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मंगळवार, २६ ऑगस्ट

दुरुस्त चित्र टाकलं. चटणी डावीकडे, रांगोळी भोवती, खाली दिलगिरी. पाच मिनिटांत प्रतिक्रिया आली: 'आधीचे उठून बसले वाटतं.'

ज्यांनी पानं मागवली होती त्यातल्या दोघांनी नको म्हणून कळवलं. एक काकू म्हणाल्या, "तुमचं चुकलं हे मान्य आहे हो, पण सणाच्या दिवशी ते चित्र डोळ्यांसमोर येतं ना. मन धजत नाही."

उद्या गणपती. मी मूर्ती आणायला गेलो तर मूर्तिकारसुद्धा हसला. हसला असं मला वाटलं. कदाचित नुसता पैसे मोजत असेल.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीजेवण. पानं गेली सात. चार नातेवाइकांकडे, म्हणजे त्यांनी कीव केली. तीन अनोळखी घरांत. स्कूटरवरून मीच पोचवली, दर वळणाला पाय टेकवत.

नीरजा सकाळी गुणगुणत होती. इतक्या दिवसांनी. धीराची आहे म्हणून, नाहीतर दुसरी कोणी कोसळली असती. मला तिच्याकडे बघवेना.

दुपारी तिने शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला आणि गच्चीवर गेली. मी जिन्यातून कपडे आणायला गेलो, ऐकायला नाही. बराच वेळ बोलत होती. मधे हसली. शेवटी म्हणाली, "हो बाई, पक्कं. विचार करूनच सांगतेय."

संपलं. घटस्थापनेला रुजू होणार. मी विचारलं नाही. तिला स्वतःच्या तोंडून सांगायला किती जड जात असेल.

फार वाईट वाटतंय. हे वर्ष तिचं होतं आणि मी ते एका बटणाने फिरवून टाकलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

नीरजा आज रविवार पेठेत गेली आणि भलंमोठं पातेलं घेऊन आली. त्यात सलोनी लहान असताना आख्खी बसली असती. शाळेत जाणाऱ्या बाईला एवढं पातेलं कशाला? पण माणूस दुःखात काहीबाही खरेदी करतं. मी नुसतं 'छान आहे' म्हटलं. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

सलोनी म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही विचारायचंय का आईला?" मी म्हटलं, जखमेवर मीठ कशाला चोळायचं? तिने कपाळावर हात मारला. ही पिढी फार नाटकी आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज एक फोन आला. विश्रांतवाडीहून. साईनाथ कुलकर्णी, पोस्टातून निवृत्त. माझं चित्र विनोद म्हणून फिरत फिरत पार तिथपर्यंत पोचलंय.

"ते पान तुमच्याकडचं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, आणि आम्ही माफीही मागितली आहे.

"माफी कशाची? मांडणी बरोबर आहे. मला हवंय तसं. सोमवारी नवमी आहे. आमची ही नवमीची."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची नवमी असते, हे नीरजाने नंतर सांगितलं. मुलगा परदेशात, घरात करणारं कोणी नाही. मंगल कार्यालयातून मागवायचं तर ते पंचवीस पानांच्या खाली बोलत नाहीत. इथे पान तर एकच.

सगळ्या पुण्यात एका माणसाला माझं चित्र बरोबर वाटलं. आनंद मानावा की काय, ठरवता येईना.

नीरजाने फोन घेतला. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा हे सगळं झाल्यावर विचारलं, "काकूंना काय आवडायचं?"

"तिला? सगळं खायची," ते म्हणाले.

अर्ध्या तासाने त्यांचा परत फोन. "आठवलं. फोडणीची पोळी. आदल्या दिवशीच्या पोळीचा कुस्करा करून. मला वाटायचं, उरलंय म्हणून खाते. पण नाही हो, ताजी असली तरी एखादी मुद्दाम मागे ठेवायची. हे असलं चालतं का पानात?"

"कांदा न घालता करते," नीरजा म्हणाली. "चालतं."

सोमवार, १५ सप्टेंबर

काल रात्रीच्या स्वयंपाकात नीरजाने तीन पोळ्या जास्त केल्या आणि झाकून ठेवल्या. शिळ्या व्हाव्यात म्हणून. माणूस शिळं खपवतो हे माहीत होतं. शिळं मुद्दाम घडवतो हे पहिल्यांदा बघितलं.

डबे घेऊन निघालो. धायरी ते विश्रांतवाडी म्हणजे सगळं पुणं उभं कापायचं. स्वारगेटला तर सिग्नलवर इतका वेळ उभा होतो की शेजारच्या रिक्षावाल्याने डब्यात काय आहे ते विचारलं.

कुलकर्णी दारातच होते. धुतलेलं धोतर, फोटोला तुळशीचा हार. पाट मांडलेला, पुढे केळीचं पान. मी डबे ठेवले आणि निघायला लागलो.

"वाढून नाही देणार?" त्यांनी विचारलं. "मला नाही येत हो वाढता. जन्मभर वाढलेलंच जेवलो."

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोन शिकलेसवरलेले पुरुष रिकाम्या पानासमोर उभे. शेवटी नीरजाला फोन लावला आणि तो पाटाशेजारी उघडा ठेवला.

"चटणी उजवीकडे," ती म्हणाली. मी ठेवली.

"कोणाच्या उजवीकडे?"

"माझ्या."

"अरे, जेवणाऱ्याच्या! तू समोर उभा आहेस. तिच्या उजवीकडे."

तिच्या. कोणीच बसलेलं नव्हतं पाटावर. मी चटणी उचलून पलीकडे ठेवली आणि का कोण जाणे, जाग आल्यासारखं झालं. मग एकेक. भाज्या तिच्या डावीकडे. वडे, खीर, भात, वरण. नीरजा सांगत होती, मी वाढत होतो, कुलकर्णी मान डोलावत होते. शेवटी फोडणीच्या पोळीची वाटी उघडली. हिंग-मोहरीचा वास खोलीभर झाला. कुलकर्णी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला म्हणाले, "हा वास दोन वर्षांत नव्हता घरात."

मला रडू आलं. परक्याच्या घरी, परक्याच्या बायकोसाठी, भर दुपारी. फोनमधून नीरजा विचारत होती, "झालं का? बरोबर दिसतंय का?" मी म्हटलं, दिसतंय.

फोटो काढला नाही. सुचलंच नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कुलकर्णींनी कोणाकोणाला सांगितलं कुणास ठाऊक. सर्वपित्रीसाठी फोन येतायत. कोथरूड, वारजे, एक तर पार चाकणहून. पान एक, पानं दोन, फार तर तीन. नीरजा प्रत्येकाला तेच विचारते, "त्यांना काय आवडायचं?" आणि माणसं आधी अडखळतात, मग थांबत नाहीत. एका मुलीने बापाला आवडणारी बाकरवडी सांगितली, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातलीच हवी, घरची नको. एकाने सांगितलं, "आत्याला मी केलेला चहा आवडायचा." नीरजा म्हणाली, मग तो तुम्हीच करा.

मी न राहवून मशीनकडे गेलो. पितृपक्षासाठी गंभीर, शांत चित्र दे म्हटलं. त्याने पानाभोवती झेंडू, मागे समई आणि आनंदाने जेवणारं चार जणांचं कुटुंब दिलं. चौघांचे दात एकसारखे. मी ते बंद केलं आणि नीरजाला म्हटलं, "नुसत्या अक्षरांची करू का एक साधी जाहिरात?"

"काही करू नकोस," ती म्हणाली. "ज्याला लागतं तो विचारत येतो."

हे ऐकून डिझायनर म्हणून अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. मनात येत राहिलं की हे सगळं तिला आता सोडून जायचंय, आणि ते माझ्यामुळे. पण मग वाटलं, शाळा काय, अजून कळवता येईल. सांगू का तिला? थांब म्हणू? तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. चूक करणाऱ्याने सल्ला देऊ नये.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. पहाटेपासून दोघं गाळ्यात. ते नवं पातेलं खिरीला पुरेना. मी डबे भरले, चिठ्ठ्या लावल्या, अर्धी पानं सलोनीने तिच्या गाडीवरून पोचवली. तीन घरी वाढायलाही गेलो. आता फोन लावावा लागत नाही.

दुपार टळल्यावर परत आलो तर नीरजा गाळ्यात भिंतीला पाठ टेकून बसली होती. पाय लांब केलेले, डोळे मिटलेले. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं. म्हटलं, थांब, तुला वाढतो.

पान घेतलं. सणाचं, जिवंत माणसाचं. तिच्या डावीकडे चटणी, कोशिंबीर, वर मीठ, लिंबू. उजवीकडे भाज्या. मधे भात, त्यावर वरण, तूप. ती बघत होती. नुसतं लिंबू जरा सरळ केलं. शिक्षिकेचा हात, तो राहणार.

मग जेवायला लागली. मीही पान वाढून समोर बसलो. कोणाचा फोन आला तो उचलला नाही. आमटी काय झाली होती! चिंच-गुळाचं असं जमलेलं होतं की मी तिला तसं सांगितलं. म्हणाली, "रोज अशीच असते."

मी शेवटी धीर केला. "उद्या किती वाजता सोडू?"

"कुठे?"

"शाळेत. उद्या घटस्थापना."

तिचा घास हातातच राहिला. "शाळेत कशाला? मी कळवलंय ना, येत नाही म्हणून."

"कधी?"

"गौरीजेवणाच्या दिवशी. गच्चीवरून फोन केला तेव्हा."

"सात पानांवर?" माझा आवाज चढला. "त्यातली चार तर आपल्या लोकांची!"

"सातही घरांतून फोन आले," ती म्हणाली. "एकीने आमटीचं प्रमाण विचारलं. एकीच्या सासूने विचारलं, पुढच्या वर्षीही करणार ना? मी हो म्हणून बसले. हो म्हटल्यावर कळलं की आपलं ठरलंय."

म्हणजे तीन आठवडे मी मनातल्या मनात हिचं वर्ष बुडवून बसलो होतो, आणि ही बाई त्यासाठी पातेली आणत होती. बरं, सलोनीलाही माहीत. एक मी सोडून घरात सगळ्यांना माहीत.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच पोस्टर केलं असतंस."

खरंच केलं असतं. तिचं पान रिकामं होत आलं होतं. मी भाताचं भांडं उचललं आणि विचारलं, अजून वाढू का.

"वाढ की," ती म्हणाली. "विचारतोस काय."